आठवणीला वारस

"पैसे सगळ्यांना हवेत, तुमची आठवण कुणालाच नको," वकील रेगे म्हणाले. "कायद्यानं पैशांबरोबर एक आठवण वारसाच्या मेंदूत बसवावीच लागते, सुलोचनाबाई. पण कुठली, ते तुमच्या हातात आहे. लोक एखादी सहल देतात, लग्नाचा दिवस देतात."

"माझी ठरलीय," सुलोचनाबाई म्हणाल्या.

त्यांची मुलगी तान्हेपणीच गेली होती. नवरा वारल्यापासून ती फक्त त्यांनाच आठवत होती.

अट ऐकून दोन शेजारी परत फिरले होते. अनाथाश्रमाला द्यावं, तर संस्थेला मेंदू नसतो. आता खालच्या मजल्यावरची नीलाक्षी आली होती. आधीच्या दोघांनी फ्लॅट केवढा आहे, एवढंच विचारलं होतं.

नीलाक्षीनं विचारलं, "मावशी, नाव काय होतं तिचं?"

"बारशाआधीच गेली गं."

नीलाक्षीनं सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"मग सह्या नंतर, रेगेसाहेब. बिननावाची लेक घरी कशी नेऊ? मावशी, उद्या घुगऱ्या मी शिजवते. नाव तुम्ही सांगा, कानात म्हणायला आत्या मी होते."