बापाचं उपरणं

कलेक्टरसाहेबांची मेजवानी तासाभरावर आलेली, आणि गोरा बँडमास्तर तापाने आडवा. लोणावळ्याच्या त्या हॉटेलात बँड चालवायची काठी अखेर दिगंबरच्या हातात आली.

गुडघ्यांत धरून वाजवायचा आपला थोरला चेलो त्याने भिंतीला टेकवला आणि मास्तरच्या चौथऱ्याकडे वळला. चौथरा जागेवर नव्हता.

"मीच उचलायला लावला," मॅनेजर नगरकर म्हणाले. "वर चढलास तर साहेबांहून उंच दिसशील. खालीच उभा राहा. आणि आधी कमरेत वाकून सलाम."

"मास्तर तर नुसती मान हलवायचे."

"ते गोरे आहेत. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

व्हरांड्यातून दत्तोबा ऐकत होते. दिगंबरचे वडील, वलवणच्या देवळातले कीर्तनकार. आपल्या माणसांना आत मज्जाव, म्हणून दारातूनच मुलाला बघायला आलेले. त्याच्या चेलोला ते आजवर गरोदर सारंगी म्हणत.

त्यांनी वहाणा काढल्या आणि सरळ आत आले. खांद्यावरचं उपरणं चौथऱ्याच्या जागी अंथरलं.

"आप्पा, हे काय?"

"गादी. कीर्तनातली, नारदाची. हिच्यावर उभा राहिलेला माणूस राजा आला तरी लवत नाही. लहानपणी माझ्यामागे झांजा धरायचास, तेव्हा काय डोळे मिटून होतास?"

"नोकरी जाईल, आप्पा."

"जाऊ दे की! तुझी गरोदर सारंगी माझ्या घरात मावते. बाळंतपणही करू तिचं."

फिडलवाला पेद्रू फिस्सकन हसला. दिगंबरने बूट काढले आणि उपरण्यावर अनवाणी उभा राहिला.

दत्तोबा पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. पाहुणे आले, बसले. "सलाम! अरे, सलाम!" नगरकर कोपऱ्यातून कुजबुजत राहिले. दिगंबरने साहेबांकडे बघून मान हलवली, गोऱ्या मास्तरने हलवली असती तेवढीच. मग पाठ फिरवून काठी उचलली, आणि बँड असा उठला की दारात दत्तोबांच्या हातांनी नसलेल्या चिपळ्या धरल्या.

शेवटचा सूर विरला. टाळी कुणीच वाजवली नाही. कलेक्टरसाहेब लाल चेहऱ्याने उठले आणि तरातरा दिगंबरसमोर आले.

"साहेब," दत्तोबा दारातून म्हणाले, "गादीला बूट लावू नका."

दिगंबरने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं.

साहेबांनी खाली पाहिलं. धुवट उपरणं, त्यावर दोन अनवाणी पावलं.

उचललेला बूट त्यांनी मागे टेकवला.