यंदाची झडती

सूर्यभानच्या तोंडून झडती निघेना. तोरणाखाली रामराव पाटलाची मानाची जोडी उभी होती. तिच्यामागं झुली पांघरलेले, शिंगं रंगवलेले सगळ्या गावाचे बैल. आणि बैलांचे धनी सूर्यभानच्या तोंडाकडं बघत होते.

झडतीशिवाय पोळा फुटत नाही. एकानं यमक जुळवून दुसऱ्याची मोठ्यानं चेष्टा करायची, दुसऱ्यानं तशीच ती परतवायची. जो गप्प बसला तो हरला. जिंकणाऱ्याची जोडी पाटलाच्या मागोमाग तोरणाखालून जाणार. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात हा मान दरसाल खुशालराव न्यायचा, आणि दरसाल हरायचा त्याचा जिवलग दोस्त सूर्यभान. "एखाद्या वर्षी मले जिंकू दे ना बे," तो म्हणायचा. खुशालराव त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि पुरणपोळी खायला घरी ओढून न्यायचा.

तो खुशालराव चैत्रात गेला. दोघं कापसानं भरलेल्या बैलबंड्या घेऊन उमरावतीच्या बाजाराला निघाले होते. मूर्तिजापूरच्या मुक्कामी पटकीनं त्याला गाठलं. सकाळी तो सूर्यभानच्या पागोट्यात गवताचा तुरा खोवून हसत होता, आणि दिवस मावळायच्या आत सूर्यभाननं त्याला अग्नी दिला. परतताना त्याची बंडी सूर्यभाननं आपल्या बंडीमागं बांधून आणली. वाटभर मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

खुशालरावासारखा खुशाल माणूस त्या गावानं दुसरा पाहिला नव्हता. समुद्रापार कुठं लढाई पेटली होती म्हणे, तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. खुशालरावानं बायकोला पाटल्या केल्या, पोरींना पैंजण केले, आणि स्वतःला आणली एक खोटी दाढी. ती लावून, गोसावी होऊन त्यानं स्वतःच्याच दारात भिक्षा मागितली. मैनाबाई सूपभर ज्वारी घेऊन आली. "माय, तुहा नवरा लय गुनाचा हाये," गोसावी म्हणाला. एवढं खोटं बोलणारा माणूस कोण ते तिनं लगेच ओळखलं आणि सूप त्याच्या डोक्यावर पालथं केलं. पोरी हसता हसता जमिनीवर लोळल्या. दाढीत ज्वारीचे दाणे अडकलेला बाप त्यांच्याहून जास्त हसत होता.

आज सकाळी सूर्यभान त्याच घरी गेला होता. दुखवट्याचं वर्ष, चुलीवर पुरण नव्हतं. मैनाबाईनं खुशालरावाच्या बैलांचे दोर त्याच्या हाती दिले. बैल धुतलेले होते, पण अंगावर झूल नव्हती.

"सन आमाले नाई. त्याईच्या बैलाईले काहून नाई?" ती म्हणाली. "घेऊन जा भाऊजी. अन् झडती तुमीच म्हना. पन रडून म्हनू नका. त्याईले रडकी झडती चालत नव्हती."

"नाई रडत वैनी," सूर्यभान बोलून गेला होता. आता तो शब्द पाळायचा होता. पाटलाच्या ढेरीवर चार शब्द त्यानं कसेबसे जुळवले होते. तेवढे म्हणायचे आणि सुटायचं.

"म्हन ना रे," पाटील हळूच म्हणाला.

सूर्यभाननं डोळे मिटले, हात वर केला आणि तोंड उघडलं. पण बाहेर पडली ती दुसरीच झडती. पौषात बंडी हाकताना जुळलेली, आयुष्यातली पहिली धड झडती. खुशालराव बाजारातून परतताना झाडाझाडाखाली गप्पा मारत बसायचा, त्यावर केलेली. पोळ्याला त्याची जिरवायची म्हणून सूर्यभाननं ती जिवापाड लपवून ठेवली होती.

"कापूस गेला उमरावतीले, चांदी आली चाकाले,
खुशालराव इसरला वाट, हाका मारा त्याले!
हर हर महादेव!"

कुणीच हर हर महादेव म्हटलं नाही. पाटलानं मान खाली घातली. आपण काय बोलून बसलो ते सूर्यभानला तेव्हा कळलं. त्याचा हात तसाच वर राहिला. सवयीनं त्याची नजर तोरणाच्या दुसऱ्या बाजूला गेली. दरसाल तिकडून खुशालरावाचं उत्तर यायचं. तिथं झूल नसलेली एक बैलजोडी उभी होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मारुतीच्या देवळाआड बायका उभ्या होत्या. त्यांच्यातून मैनाबाई पुढं आली. दुखवट्यातली बाई तोरणापाशी येते हे गावानं कधी पाहिलं नव्हतं, पण तिला कुणी अडवलं नाही.

"उत्तराची वाट पाहू नका भाऊजी," ती म्हणाली. "ते जिते असते तरी आज उत्तर आलं नसतं. संक्रांतीलेच मले बोलले होते. म्हने, माहा सूर्यभान लय वर्सं हरून राहिला. यंदा तो काईबी म्हनो, मी गुमान उभा राहतो. त्याचं तोंड पाहाचं हाये मले, जिंकल्यावरचं."

तिनं पदर तोंडाला लावला. रडू नका म्हणणारीला स्वतःलाच रडू आवरलं नाही.

पाटलानं डोळे पुसले आणि हात वर केला. "सूर्यभान जिंकला! फोडा पोळा!"

वाजंत्री वाजू लागली. लोकांनी वाट करून दिली. सूर्यभानचे बैल पुढं निघाले, पण त्यानं कासरा मागं ओढला. झूल नसलेल्या त्या जोडीजवळ जाऊन त्यानं एका बैलाच्या मानेवर डोकं टेकलं आणि सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला.

"मी हरलो, खुशाल्या! दरसाल हरतो! पन उत्तर दे ना बे!"