गेटपर्यंत

"अप्पा गेले. वर्षभर तुम्ही त्यांना सांभाळलंत, म्हणून आभार मानायला आले," म्हणत तिने मोबाइलवरचा वडिलांचा फोटो दाखवला.

दारू सोडू पाहणाऱ्यांची, शाळेच्या वर्गात भरणारी ही मीटिंग तिनेच शोधली होती. दर गुरुवारी ती त्यांना शाळेच्या गेटवर सोडून परत फिरायची. घरच्यांना आत घेत नाहीत, असं अप्पांनी बजावलं होतं.

खुर्च्या मांडणारे काका घुटमळले. "हे तर बाहेर नळापाशीच बसायचे. दर वेळी म्हणायचो, साहेब, आत चला, इथे सगळे एकाच बाटलीतले. तर म्हणायचे, आत सगळ्यांदेखत कबूल करावं लागतं. पुढच्या गुरुवारी बघू."

मग म्हणाले, "तुम्ही या ना, ताई. घरच्यांना मनाई कधीच नव्हती."

ती दारातच थबकली. दर गुरुवारी अप्पा घरी परतले की त्यांच्या तोंडाला दारूचा वास यायचा, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.