पायाळू

कमरेत उसण भरली, की नवसाबाई निफाडहून थेट नाशिकला भावाच्या घरी यायच्या. भाची पायाळू, तिचा पाय लागला की त्यांना बरं वाटायचं. आजही त्या पालथ्या पडल्या. पिंकीने कमरेवर पाय ठेवला, पण फिरवला नाही.

"आत्या, मला उद्या पोहायच्या स्पर्धेला जाऊ द्यायला सांग ना पप्पांना."

"नाय. तू पायांकडून जन्मलेली. पाण्यात घात व्हायचा."

"डॉल्फिनची पिल्लं बहुतेक अशीच जन्मतात, आत्या. शेपटी आधी, डोकं शेवटी. डोकं आधी आलं, तर पाण्यातच गुदमरतील."

नवसाबाईंनी कंबर जराशी हलवून पाहिली. पाय काही हलेना.

"सांगते त्याला," उशीत तोंड खुपसूनच त्या म्हणाल्या. "पण उडी तरी डोक्याकडून मार."