पिशवीतलं सूप

जिवाणूंना मारणारा विषाणू आमच्या वर्गात सगळ्यांना सापडला होता, फक्त जोवेलिनला नाही. विषाणू असला की प्लेटमधल्या जिवाणूंच्या थराला भोकं पडतात. जोवेलिननं आणलेलं पाणी घातलं की थर जसाच्या तसा.

"घाण पाणी आण गं बाई," सोलेदाद मॅडम म्हणायच्या. "घाणीतच सापडतात ते. की तुमच्या गल्लीत सगळे माझ्यासारखेच टापटीप?"

गावचा फिएस्टा, म्हणजे आमची जत्रा, झाला आणि पुढच्याच आठवड्यात जोवेलिनच्या प्लेटची चाळण झाली. एवढी मोठी भोकं फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत आम्ही कुणीच पाहिली नव्हती.

मॅडमनी खुशीत तिची वही उघडली. "विषाणूचं नाव तू ठेवायचं, तो शोधणाऱ्याचा मान. आता सांग, पाणी कुठलं? आणि खरं सांग. खोटं ठिकाण लिहिणाऱ्याला मी शून्य देते, माहितेय ना?"

जोवेलिन खाली बघत म्हणाली, "फिएस्टाला आम्ही सगळे तुमच्याकडे जेवायला आलो होतो ना, मॅडम."

"हो. जाताना सगळ्यांनी पान्सितच्या शेवया बांधून नेल्या. तू मात्र पिशवीत नुसतं सूप नेलंस, मला वाईटच वाटलं."

"ते सूप नव्हतं, मॅडम. तुमच्या मोरीमागच्या गटारातलं पाणी होतं."

वर्गात कुणी हसलं नाही, पण त्यासाठी फार कष्ट पडले. मॅडमनी वही स्वतःकडे ओढली.

"नाव तू ठेव," त्या म्हणाल्या. "ठिकाण मी लिहिते."