रिकामा डबा

सत्यभामाबाईंनी डबा घासला, पुसला आणि रिकामाच नेऊन दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवला. झाकण घट्ट लावलं. शेजारच्या जयमालेशी आज त्यांना संबंधच तोडायचा होता, आणि चार माणसांत भांडण्यापेक्षा हे बरं. शेजारणीचा डबा रिकामा परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. नांदुऱ्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जयमालेला इथं येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत, ही घरी शिलाई मशीन चालवायची. माणसं ख्रिस्ती. रविवारी सकाळी दोघं एसटीनं खामगावला उपासनेला जात. ही बाई आज ना उद्या आपल्या सुनेला बाटवणार, हे सत्यभामाबाईंनी पहिल्याच दिवशी मनात पक्कं करून टाकलं होतं. मालक वारले त्याला आठ वर्षं झाली. मुलगा शेखर पुण्याला कंपनीत, चौघांत एक खोली करून राहणारा. घरात सासू आणि सून दोघीच. ही सून, डिंपल, हातची गेली तर आपण दिवसभर भिंतींशी बोलायचं का?

जयमाला डब्यातून काही ना काही पाठवायची. कधी शेवया, नाताळात करंज्या. त्यावर तिनं काहीतरी पुटपुटलेलं असणार, याबद्दल सत्यभामाबाईंना शंका नव्हती. सगळं थेट म्हशीच्या घमेल्यात जायचं. तीन वर्षांत म्हैस चांगली गुबगुबीत झाली, बाटल्याचं मात्र काही दिसलं नाही. पण डबा रिकामा कसा पाठवायचा? मूठभर तूरडाळ, गुळाचा खडा, नाहीतर चार मिरच्या घालूनच तो परत जायचा. संशय आपल्या जागी, रीत आपल्या जागी.

डिंपल तिच्याकडे शिवण शिकायला जाऊ लागली, तशी घरी रोज उलटतपासणी सुरू झाली.

"आज काय म्हणे ते जयमाला?"

"काही नाही आई. काज कराचं शिकवलं."

"देवाचं काही?"

"नाही. मीच एकदा विचारलं, रोज सकाळी डोये मिटून काय करता म्हणून. त म्हणे, तुले ऐकाचं असन तवा सांगीन, घाई नाही."

हे 'घाई नाही' सत्यभामाबाईंना भलतंच खटकलं. जी बाई तीन वर्षं दम धरते, तिच्या पोटात काय काय असेल! एखादी बडबडी असती तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

आणि आज सकाळी त्यांनी भिंतीपलीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मशीन बंद होती. दोघी समोरासमोर बसलेल्या, डोळे मिटलेले. डिंपलचे हात जोडलेले, आणि ओठही तिचेच हलत होते. संपलं, गेली पोरगी. थोड्या वेळानं डिंपल तिथूनच अस्तर आणायला बाजारात गेली आणि यांनी कालचा डबा घासायला घेतला.

अर्ध्याएक तासानं कडी वाजली. दारात जयमाला उभी. डोक्यावर पदर, चेहरा उतरलेला. एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"मावशी, कोण गेलं हो?" तिनं हळूच विचारलं.

"कोण गेलं म्हणजे?"

"डबा रिकामा आला. तीन वर्षांत असा कधी आला नाही. सुतकाच्या घरातून काही देत नाहीत, म्हणून समजली मी. आज तुमच्या घरी चूल पेटाची नाही. दोन घास खाऊन घ्या. डिंपल आली का तिले मी सांगते."

सत्यभामाबाईंनी एवढा धडधडीत अपमान केला, आणि या बाईला तो अपमान आहे हेच कळलं नव्हतं. तिच्या लेखी, या घरातून रिकामा डबा येतो म्हणजे कोणीतरी मेलंच असलं पाहिजे. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. पण संशय एवढ्यानं जातो थोडाच.

"कोणी मेलं नाही," त्या म्हणाल्या. "माही सून हातची जाऊन राह्यली. काय मांगाले लावलं तू तिले तुह्या देवापाशी?"

"मी नाही लावलं मावशी. डिंपलच म्हणे, आज मले काही मांगाचं हाय. काय मांगितलं ते तिलेच विचारा."

डिंपल फाटकातून आत आली होती. अस्तराचं पुडकं हातात तसंच धरून ती थांबली. तिनं ऐकलं होतं.

"आई, ह्यायनं पुण्यात वेगळी खोली घेतली," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात ये म्हणतात मले. तुम्हाले न्याचं नावच काढत नाहीत. आठ दिवस झाले, घास उतरत नाही मले." तिनं पुडकं खाली ठेवलं. "मी एवढंच मांगितलं, का आईले सोडून मले जा लागू नये."

सत्यभामाबाई उंबऱ्यावरच बसल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी जयमालेकडे पाहिलं, अजूनही जरा संशयानंच.

"मंग?" त्यांनी विचारलं. "काय म्हणे तुहा देव?"