खुशालीचा आरसा

दगड घरंगळला तो थेट सुताराच्या उजव्या पायावर येऊन बसला. पाय बहुतेक मोडला नव्हता, पण दोन दगडांच्या फटीत असा अडकला होता की निघायचं नाव घेईना. त्याने ढकलून पाहिलं, दोन्ही हातांनी पाय उपटून पाहिला, शेवटी दगडाला शिवी घालून पाहिली. दगड ढिम्म.

टेकडी ओळखीची होती. म्हणून तर तो रुळलेली वाट सोडून जवळच्या मार्गाने उतरायला गेला होता. शहाणपण, दुसरं काय! डोक्यावर उन्हाळ्याचं ऊन, बाटलीत तळाशी चार घोट पाणी, आणि मोबाइलला इथे कधीच रेंज नसायची.

खाली मात्र त्याचं घर स्पष्ट दिसत होतं. शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर. माणूस ओळखू येत नसे, पण गच्ची दिसायची, आणि गच्चीवर वाळत घातलेली पिवळी चादर दिसायची.

त्या चादरीवर तर नवराबायकोचा सगळा कारभार चालायचा. दर रविवारी तो एकटा टेकडी चढायचा आणि बायकोचा जीव टांगणीला लागायचा. मग तिनेच तोड काढली. वर पोचलं की याने दाढीचा आरसा उन्हात धरून चमकवायचा, म्हणजे, पोचलो, खुशाल आहे. तिने गच्चीवरून चादर हलवायची, म्हणजे, दिसलं, इथेही सगळं ठीक, सावकाश या. संकटाची खूण त्यांनी ठरवलीच नव्हती. "असलं अभद्र कशाला बोलायचं?" असं बायको म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

आजही माथ्यावरून त्याने आरसा चमकवला होता, आणि खालून चादर हलली होती. सगळं रीतसर.

सकाळी निघताना तिने नेहमीचं पुराण लावलं होतं.

"अहो, पलंगाचा पाय डुगडुगतोय, गच्चीच्या दाराची कडी ढिली झालीय, फळी तर आता डोक्यात पडेल. जगाची दारं बसवता, आपल्या घराकडे कधी बघणार?"

"रविवारी बघतो."

"आज रविवारच आहे."

"मग पुढच्या," असं म्हणून तो चपळाईने सटकला होता.

आता त्याने खिशातून आरसा काढला आणि खाली रोखला. एकदा, दोनदा, मग भराभर, न थांबता. उतरायच्या वेळी आरसा कशाला चमकतोय, एवढं तरी तिच्या लक्षात येईलच.

चादर हलली.

"अगं, ठीक नाही!" तो ओरडला. ओरडणं टेकडीवरच विरलं. त्याने पुन्हा आरसा धरला. चादर पुन्हा हलली, या वेळी जास्तच जोरात.

"आज काय उत्साह आलाय हिला!"

शेजाऱ्यांच्या तरी लक्षात आलं असतं, पण ते घराला कुलूप लावून लेकीकडे गेले होते. या आरशाची खूण जाणणारं माणूस जगात एकच, आणि ते खाली चादर झटकत बसलं होतं.

पाणी संपलं. पाय सुजून फटीत आणखीच घट्ट बसला. आरसा धरून धरून हात भरून आला. तो चमकवत राहिला आणि चादर हलत राहिली. मध्येच चादर खाली जायची, मग पुन्हा वर यायची. इथेच आपण मरणार आणि बायको तिकडे खुशाली कळवत राहणार, या विचाराने त्याला रडू आलं. एवढा मोठा माणूस, पण हुंदके देऊन रडला.

दुपार कलली तशी चादर हळूहळू हलू लागली, मग थांबलीच.

"झोपली असेल," तो पुटपुटला. "करा वामकुक्षी!"

थोड्या वेळाने ऊन टेकडीआड गेलं आणि आरसाही आंधळा झाला.

शेळ्यांमागून एक म्हातारी आली तेव्हा तो अर्धवट ग्लानीत होता.

"कोण रे बाबा? रानात आरसा घेऊन बसलास! लग्नाला निघालास की काय?"

तिने त्याला आधी पाणी पाजलं. मग आपली जाड काठी दगडाखाली घातली आणि त्यावर सगळा भार टाकला. "मी हूं म्हटलं की ओढ." पाय निघाला. सालटी निघाली होती, पण पाऊल टेकवता येत होतं.

"घरी कुणी नाही का रे तुझं?"

"आहे ना, मावशी. बायको आहे. दिवसभर गच्चीवरून मजा बघत होती."

म्हातारीच्या काठीवर भार देत तो उतरला. पायापेक्षा डोकं जास्त ठणकत होतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या काय सुनावायचं, ते त्याने वाटेतच घोटून ठेवलं. 'दिवसभर मी आरसा चमकवतोय, आणि तुझी आपली चादर हलतेय!' बस्स. एवढंच म्हणायचं आणि आठवडाभर अबोला धरायचा.

घरात अंधार होता. ओट्यावर अर्धी चिरलेली भाजी वाळून गेली होती.

"अगं ए!"

पलंग रिकामा. त्याला राग यायचा होता, पण तो येईना. कठड्याला धरून तो जिना चढला. वर गच्चीचं दार वाऱ्याने आपटून बंद झालं होतं आणि ढिली कडी आपली आपण आतून पडली होती.

त्याने कडी काढली.

बायको कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उन्हाने लालभडक, ओठ फुटलेले, पिवळ्या चादरीचं टोक अजून मुठीत. तिचा आवाज पार बसला होता. तो वाकला तेव्हा कुठे ऐकू आलं.

"दिवसभर मी चादर हलवतेय, आणि तुमचा आपला आरसा चमकतोय!"